आधी ते क्लिक परत फिरव

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या फोनवर घाल. इथे सगळे बरे. अण्णांचा गुडघा आहे तसाच.

टेक्सासात हरणाच्या शिकारीची तयारी म्हणून तू रायफलने मारलेल्या टार्गेटचा फोटो काही डोळ्यांपुढून हलत नाही. १०० यार्डांवर पाच गोळ्या, पाच दिशांना, बहुतेक खाली. आणि तू रायफलवरच्या दुर्बिणीची नेम जुळवायची चकती आठ क्लिक वर फिरवून मोकळा! अरे, गोळ्या एकाजागी पण मध्यापासून लांब पडल्या तर दुर्बीण फिरवायची. विखुरल्या तर दोष बहुधा मागे बसलेल्याचा. क्लिकमागे पाव इंच, म्हणजे दोन इंचांची चूक तू पक्की करून ठेवलीस.

तू बिचकतोस. .३०८ च्या मोठ्या काडतुसाचा धक्का येणार म्हणून आधीच खांदा पुढे रेटतोस आणि ट्रिगर हिसकतोस. पटत नसेल तर रेंजवर दुसऱ्याला मॅगझिन भरायला सांग, मध्ये दोन डमी (बारूद नसलेली) काडतुसं, तुला न दाखवता. डमीवर नळीने मान टाकली की निदान झालं. मग घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या बंदुकीने सराव: चेंबर दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत. रेंजवर काही दिवस कमी धक्क्याची .२२ च वापर. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, सांधा नको. श्वास सोडून थांबलास की सात-आठ सेकंदांत बार निघाला पाहिजे. नाही निघाला तर बंदूक उतरव. ओढूनताणून मारलेली गोळी हमखास वाया जाते.

नेम धरून डोळे मीट, दोन श्वास घे, उघड. क्रॉस, म्हणजे दुर्बिणीतली नेमाची फुली, सरकली असेल तर हाताने ओढू नकोस, अख्खं अंग सरकव. गाल बटवर दरवेळी त्याच जागी. दुर्बिणीपासून डोळा साडेतीन इंच तरी लांब, नाहीतर भुवईवर चंद्रकोर उमटेल आणि वहिनींना उत्तर तू दे. डावा डोळा मिटायचा नाही, हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. मिटला की चेहरा आखडतो.

"अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर एअर रायफलचे छर्रे मारणाऱ्याने हरणाचं सांगू नये," म्हणशील. बरोबर, १९७२ च्या कायद्यानंतर इथे शिकार कुठली! पण टेक्सासातल्या हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंच, पुढच्या पायाच्या मागे लगेच. टेबलावरून नव्हे, गुडघ्यावर बसून जिथून पाचही गोळ्या तेवढ्या थाळीत पडतील, तेच तुझं अंतर. पुढे बार नको, जखमी जनावर रानात भटकत मरतं. फांदीचा आधार घेतलास तर नळी टेकवू नकोस, गोळी उडते. रायफलचं पुढचं लाकूड टेकव, खाली टोपी घाल.

नव्या घराचं काय? चिनूची परीक्षा? लिही.

आणि आठ क्लिक आजच उलटे फिरव.

तुझा,
दिन्या