लेबल चिकटवण्याआधीची गोष्ट

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला तरुण वाइनमेकरवरचा लेख वाचला, भारी होता, पण आमच्या निफाडकडं हे एवढं गुलाबी नसतं म्हणून लिहितोय. माझा पुतण्या दोन सीझन दुसऱ्याच्या वायनरीत राबला. पहाटे चारला हेडलाइट लावून तोडणी, कारण ऊन चढलं की माल तापतो, मग दिवसभर टाक्या धुवायच्या, घरी यायचा तेव्हा हात कोपरापर्यंत जांभळे अन् अंगाला यीस्टचा वास, वहिनी विचारायच्या पिऊन आलास का! (खरं तर चव घेऊन थुंकतात ती लोकं.)

आता त्याला स्वतःचं लेबल काढायचंय. राजीव सामंतांनी ओरॅकल या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून १९९७ ला नाशकात सोव्हिन्यों ब्लां अन् शेनिन ब्लां ही वाइनची द्राक्षं लावली, २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली, पण त्यांच्याकडं घरची जमीन होती हो. आमच्याकडं आहे ती थॉमसनची बाग, खायची द्राक्षं, त्याची चांगली वाइन होत नाही. म्हणून वाइनची द्राक्षं विकत घ्यायची, टाकी भाड्याची. वर प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी, मोठ्या कंपनीला काही वाटत नाही, पाचशे पेट्यावाल्याचा जीव जातो. छोट्यांसाठी फी कमी करा एवढंच म्हणणंय.

पोराने लेबलवर आजीच्या नऊवारीचा काठ काढलाय. नोंदणीसाठीचा नमुना महिनाभर फायलीत पडून आहे.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड