पिवळं पाणी गाळ्यातच अडवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिठी नदीचा विषय निघाला की सगळे गाळ उपसण्यावर बोलतात, पण त्या गाळात येऊन काय बसतं आणि ते कुठून येतं हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. मी साकीनाक्याला निकल-क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका गाळ्यात, म्हणजे छोट्या कारखान्यात, २२ वर्षं काम केलंय. जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, क्रोमच्या टाकीतून काढला की पाण्यात धुवायचा आणि ते पिवळं पाणी सरळ मोरीत, तिथून नाल्यात, मग मिठीत आणि शेवटी माहीमच्या खाडीत. हे पिवळं म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, त्याने कॅन्सर होतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. माझ्या बाजूला उभा राहणाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं तेव्हा डॉक्टरांकडून कळलं.

नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हे क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम आहे. आणि पुढे सांडपाण्याच्या प्लांटमध्ये साफ होईल म्हणावं तर तिथले जिवाणू मैला खातात, धातू नाही खात, धातू नुसता पाण्यातून गाळात जाऊन बसतो. म्हणून तो गाळ्यातच अडवायला पाहिजे.

आणि ते काही अवघड नाही हो! दोन ड्रम लागतात. पहिल्यात थोडं अ‍ॅसिड घालून पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) २-३ वर आणायचा आणि हिराकस किंवा मेटाबायसल्फाइट टाकायचं, पाणी पिवळ्याचं हिरवं होतं म्हणजे विषारी क्रोमियमचं कमी विषारी झालं. मग दुसऱ्या ड्रममध्ये चुना घालून पीएच साडेआठ-नऊ करायचा, धातूचा साका तळाला बसतो. निकलला चुना अजून जास्त लागतो. फक्त सायनाइडच्या टाकीचं पाणी यात कधीच मिसळू नका, अ‍ॅसिड लागलं की जीवघेणा गॅस सुटतो, त्याची सोय वेगळी करावी लागते.

शेवटी जो थोडा धातू उरतो त्याला तर आपल्या कोळीवाड्यातली कोळंबीची टरफलंसुद्धा उपयोगी आहेत, त्यांच्यापासून कायटोसन बनतं आणि ते धातू धरून ठेवतं. नारळाचा काथ्या, भाताचा तूस यांच्यावरही असे प्रयोग झालेत. पण धातू धरलेलं टरफल आणि काथ्या हाही विषारी कचराच, तो कचऱ्याच्या डब्यात टाकला तर काय उपयोग?

खरी अडचण इथेच आहे. आमच्या शेठने साका द्यायला चौकशी केली होती, तर दोन गोण्यांसाठी गाडी येणार नाही असं उत्तर मिळालं. तळोज्याला घातक कचऱ्याची जागा आहे, पण छोट्या गाळेवाल्याने तिथपर्यंत दोन गोण्या न्यायच्या कशा? मग त्या गोण्या रात्रीच्या नाल्यात जातात, मी स्वतः टाकल्यात, आज त्याची लाज वाटते.

पालिकेने आणि प्रदूषण मंडळाने साकीनाका, कुर्ला, धारावीत गल्लीगल्लीतून महिन्याला एकदा साका उचलणारी एक गाडी चालू करावी, आणि ती चालू झाल्यावर ज्याच्याकडे दोन ड्रम नसतील त्याला नोटीस द्यावी, आधी नाही.

आपला,
एक जुना प्लेटिंग कामगार, साकीनाका