हरूनही पुढे गेलेल्या मुली

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
८ डिसेंबर २०२२

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींचा जो फुटबॉल संघ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंतिम सामना हरला, तोच डिसेंबरमध्ये पुन्हा अंतिम सामन्यात कसा काय पोहोचला. आणि मी उत्तर द्यायला सुरुवात करताच आवाज तुटायला लागला. बाबांना अर्धवट उत्तर आवडत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. उद्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा नेदरलँड्सशी उपांत्यपूर्व सामना आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या पेठेत त्याशिवाय दुसरा विषय नसेल, याची मला कल्पना आहे. तरीही हे पत्र हाती पडेल तेव्हा ते सावकाश वाचा.

इथल्या विद्यापीठांचे खेळाच्या सोयीसाठी गट झालेले आहेत आणि अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आमच्या भागातली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स १९५३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातल्या चौदा विद्यापीठांचे मुलींचे फुटबॉल संघ ऑगस्टपासून खेळायला लागतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रत्येक संघ कॉन्फरन्समधल्या इतरांशी मिळून दहा साखळी सामने खेळतो. बाबा, आपल्याकडे के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग आटोपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांना रंग चढतो, तसेच इथेही आहे. साखळीतले वरचे सहा संघ कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेत जातात, त्यांपैकी पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत स्थान मिळते, उरलेले चौघे सरस क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर उपांत्यपूर्व सामने खेळतात आणि शेवटचे तीन सामने आमच्या घराजवळच्या वेकमेड सॉकर पार्कमध्ये होतात. मैदान मोठे आहे, दहा हजार माणसे बसू शकतील एवढे. पण प्रेक्षक गवताच्या इतक्या जवळ बसतात, की खेळाडू एकमेकींना काय ओरडून सांगत आहेत ते स्पष्ट ऐकू येते.

ही स्पर्धा १९८८ पासून भरते आणि तिच्यावर चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा ठसा उमटलेला आहे. त्यांनी ती बावीस वेळा जिंकली आहे. त्यांचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स १९७९ पासून, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून, त्याच संघाबरोबर आहेत. विख्यात खेळाडू मिया हॅम त्यांच्याकडेच घडली आणि १९९१ मध्ये चीनमध्ये मुलींचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते. या घराण्याला गेली काही वर्षे टॅलाहासीचे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ पुरून उरते आहे. ६ नोव्हेंबरच्या रविवारी मी लेकीला, मुक्ताला, घेऊन गेले तो अंतिम सामना याच दोघांचा होता, आणि फ्लोरिडा स्टेटने तो २–१ असा जिंकून सलग तिसऱ्या वर्षी चषक नेला. तो दिवस माझ्या लक्षात राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्या पहाटे इथली घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती आणि तुमची-आमची फोनची वेळ चुकली होती.

घरी येताना मुक्ता गप्प होती. नॉर्थ कॅरोलिनाच्या फिकट निळ्या रंगाच्या संघावर तिचा जीव आहे. शेवटी तिने विचारले, की आता या मुलींचे वर्ष संपले का. बाबांचा प्रश्न आणि तिचा प्रश्न जवळजवळ एकच आहे, त्यामुळे तिला त्या वेळी दिलेले उत्तरच इथे लिहिते.

वर्ष संपले नव्हते, कारण कॉन्फरन्सच्या स्पर्धेनंतर राष्ट्रीय स्पर्धा असते. तिच्यात चौसष्ट संघ घेतात. विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत मुलींचे सव्वातीनशेहून अधिक संघ आहेत, त्यामुळे तिथे शिरकाव होणे हीच मोठी गोष्ट असते. बहुतेक कॉन्फरन्समध्ये ही बाद स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप जागा मिळते, आणि उरलेल्या जागा एक समिती वर्षभराचे निकाल व प्रतिस्पर्ध्यांची ताकद पाहून भरते. आमची कॉन्फरन्स बलाढ्य असल्याने तिच्यातला हरलेला संघही समितीच्या नजरेत भरतो. नॉर्थ कॅरोलिनाला त्याच वाटेने प्रवेश मिळाला. लहान कॉन्फरन्समधल्या मुलींना मात्र ही दुसरी वाट सहसा उपलब्ध नसते. साखळीत सगळ्यांच्या वर राहिलेला एखादा संघ नोव्हेंबरमधल्या एका वाईट दुपारी टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टी किकच्या फैसल्यात, हरला, तर चार महिन्यांची कमाई तिथेच संपते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींचा बहुधा आयुष्यातलाच स्पर्धात्मक फुटबॉल संपतो. मला ही पद्धत कठोर वाटते. पण याच कारणाने लहान कॉन्फरन्सचे अंतिम सामने ज्या जिद्दीने खेळले जातात, ती जिद्द मोठ्यांच्या सामन्यातही नेहमी दिसतेच असे नाही, हेही मला मान्य करावे लागते.

पुढे जे घडले ते बाबांना फार आवडेल. २ डिसेंबरला, त्याच मैदानावर, राष्ट्रीय उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलिनासमोर पुन्हा फ्लोरिडा स्टेटच उभे राहिले आणि या वेळी नॉर्थ कॅरोलिनाने ३–२ असा विजय मिळवला. महिन्याभरापूर्वी जिथे हरल्या, तिथेच त्यांनी ती परतफेड केली. मग सोमवारी लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए.शी अंतिम सामना झाला. अ‍ॅव्हरी पॅटरसनच्या दोन गोलांमुळे नॉर्थ कॅरोलिना २–० ने पुढे होते आणि सामना संपायला पंधरा मिनिटे उरली होती. यू.सी.एल.ए.ने ऐंशीव्या मिनिटाला एक गोल फेडला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, की कॉलेजच्या फुटबॉलमध्ये घड्याळ उलटे चालते. पंचेचाळीस मिनिटांवरून ते शून्याकडे येते, पंचांच्या खुणेनुसार थांबते आणि शून्य झाले की भोंगा वाजून खेळ संपतो. पंचांनी किती वेळ वाढवला याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही, उरलेला प्रत्येक सेकंद फलकावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्या फलकावर सोळा सेकंद उरले असताना कॉर्नर किकवर रिलिन टर्नरने हेडरने बरोबरी साधली. बाबा, माझ्या आसपासच्या माणसांनी शेवटचे सेकंद मोठ्याने मोजण्याची तयारी केली होती, आणि एकाएकी सगळीकडे शांतता पसरली.

पूर्वी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपत असे. या हंगामापासून तो नियम बदलला. आता बाद सामन्यात दहा-दहा मिनिटांचे दोन्ही डाव पूर्ण खेळवतात आणि त्यानंतरच टायब्रेकर होतो. दुसऱ्या जादा डावात, १०७व्या मिनिटाला, मारिकारमेन रेयेसने गोल केला आणि यू.सी.एल.ए. ३–२ ने विजेते ठरले. त्यांच्या प्रशिक्षक मार्गरिट अओझासा यांचे त्या पदावरचे हे पहिलेच वर्ष होते. तिकडे उभे असलेले डोरन्स त्रेचाळीस वर्षांचे अनुभवी, आणि इकडे या. मला निळ्या संघाच्या पराभवाचे वाईट वाटले, पण मुक्ताने एका बाईच्या हाती राष्ट्रीय चषक पाहिला, याचा आनंद त्याहून मोठा होता.

आई, तू विचारले होतेस, की या मुली इतक्या जोरात पडतात तर त्यांना लागत नाही का. लागते. गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण या खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आहे, आणि मुक्ता सरावाला जाते तेव्हा हाच विचार माझ्या मनात असतो. म्हणूनच कॉन्फरन्सचे उपांत्य सामने गुरुवारी आणि अंतिम सामना लगेच रविवारी घेणे मला पटत नाही. पाहुण्या संघांचा मुक्काम सुटसुटीत होतो हे खरे, पण मधल्या दोन दिवसांत वीस वर्षांच्या शरीराचीही पुरती भरपाई होत नाही. एक दिलासा असा, की इथे बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत. दुसऱ्या डावात बाहेर काढलेल्या मुलीला एकदा परत आत पाठवता येते, त्यामुळे दमलेल्या मुलीला थोडा श्वास घेता येतो. मुक्ताच्या प्रशिक्षक बाई सरावाआधी वीस मिनिटे गुडघ्यांचे व्यायाम करून घेतात, तेव्हा तू काळजी करू नकोस. निदान माझ्याहून जास्त करू नकोस.

ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आपल्या मुली अमेरिकेकडून ०–८ ने हरल्या, तेव्हा बाबा म्हणाले होते, की या अमेरिकेच्या मुली खातात तरी काय. त्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते. आता वाटते, की खाण्यापेक्षा त्यांना पुढची पायरी दिसते हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही. त्या कायद्यामुळे विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, आणि दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, विद्यापीठांच्या खेळांची देखरेख करणाऱ्या एन.सी.ए.ए. या संस्थेने मुलींच्या फुटबॉलची आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. कॉन्फरन्सची स्पर्धा ही त्या जिन्याची मधली पायरी आहे, आणि अकरा वर्षांची मुक्ता ती पायरी वीस फुटांवरून पाहते.

बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर नेत होतात. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांच्या सामन्याला दगडी पायऱ्यांवर बसून खाल्लेले शेंगदाणे आणि तुमचा बसलेला आवाज मला अजून आठवतो. गल्लीत मुलांबरोबर मी खेळत होते, तेव्हा तुम्ही मला कधी अडवले नाही. पुढे तेराव्या वर्षी मी खेळणे सोडले, याचे तुम्हाला आजही वाईट वाटते, असे आईने मागे एकदा सांगितले. तुमची त्यात काहीच चूक नव्हती. मी ज्या संघात जाऊ शकले असते, असा संघच तेव्हा मला माहीत नव्हता. आणि त्या मैदानावर मी तोवर एकाही मुलीला खेळताना पाहिले नव्हते, त्यामुळे आपण काही सोडत आहोत हेही मला कळले नाही. ते मला आत्ता, चाळिशीत, परक्या देशातल्या एका खुर्चीवर बसल्यावर कळले.

म्हणून माझी विनंती आहे, की पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस तुम्ही दोघांनी इकडे यावे आणि नोव्हेंबरमधली कॉन्फरन्सची स्पर्धा माझ्या शेजारी बसून पाहावी. बाबांच्या गुडघ्याचा विचार मी केला आहे. मैदानात उतारावरून आत जाता येते आणि खुर्च्यांना पाठ आहे. आईसाठी लोकरी कानटोपी आणि शाल मी आताच घेऊन ठेवली आहे, कारण त्या दिवसांत ऊन उतरले की लगेच गारठा पडतो. पारपत्राची मुदत तपासून मला कळवावे, म्हणजे व्हिसाच्या कामाला उशीर होणार नाही.

त्याआधी मार्चमध्ये आम्ही येऊ, तेव्हा तिकडचा हंगाम चालू असेल. मुक्ताने सांगितले आहे, की आजोबांनी तिला शाहू स्टेडियमवर न्यावे, गोलपोस्टच्या मागच्या बाजूला बसवावे, आणि तिथे मुलींचा एखादा सामना होणार असेल तर त्याची तारीख आधी विचारून ठेवावी.

तुमची लेक