२१ हजारांचा हिशोब

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर मी मुलुंडच्या जागेचं भाडं २१ हजार म्हटलं आणि बाबा गप्पच झाले. मग "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" एवढंच बोलले. मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या हातात ६४ हजार येतात. बदलापूरच्या खोलीचं भाडं ९ हजार, मुलुंडच्या वन आरकेचं २१. म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. त्याच्या वर जायचंच नाही हे आधीच ठरवलं होतं, म्हणून दादर-परळच्या जागा बघायलाही गेले नाही. घरी येणारे ८ हजार तसेच येतील, बाबांच्या गोळ्यांच्या पैशांना हात लागणार नाही. कमी होईल ती माझी शिल्लक. महिन्याला १८ हजार मागे पडायचे, आता रिक्षाचे वाचलेले धरूनही ७ पडतील. मलाही ते लागतंय.

पण आई, तुला एक सांगितलं नव्हतं. जुलैत एका रात्री कर्जत गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला. बदलापूर कधी गेलं कळलंच नाही, जाग आली ती वांगणीला. पावणेअकरा वाजलेले, पाऊस कोसळतोय, फलाटावर मी आणि रिकामी टोपली घेतलेल्या एक मावशी. त्यांचं घर तिथलंच, तरी परतीची गाडी येईपर्यंत त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. तेवढ्यात तुझा फोन आला, "जेवलीस का गं?" मी हो म्हटलं. सकाळच्या डब्यानंतर पोटात काही नव्हतं.

बदलापूरहून परळला कामावर जाऊन येऊन रोज चार तास जातात. मुलुंडहून दोन तासांच्या आत होईल. बाबा, तुम्ही एसटीत तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडलीत, पायांचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

"त्यापेक्षा हप्ता भर" म्हणालात, तेही मांडून पाहिलं. बदलापूरच्या फ्लॅटसाठी २८ लाख कर्ज घेतलं, तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं महिना २४,३०० च्या आसपास. वर सुरुवातीला भरायची रक्कम, स्टॅम्प ड्युटी, आणि गाडी तीच. आत्ता नको.

डिपॉझिट ६० हजार, ते परत मिळेल. दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, ती गेली. करार ११ महिन्यांचा, आणि नोंदणी झाल्याशिवाय मी सामान हलवणार नाही. ती करून घेणं घरमालकाचंच काम आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे.

सही शनिवारी आहे. बाबा, त्याआधी तुमच्या वहीत हे आकडे एकदा मांडा आणि काही राहिलं असेल तर फोन करा, मी थांबेन. आई, माळ्यावरचा छोटा पोळपाट काढून ठेव. गणपतीला आले की घेऊन जाईन. तिथे रात्री पोळ्या लाटायला वेळ मिळेल.

तुमची,
ताई