गर्भाशयात सोडायच्या औषधाच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग व गुणवत्ता नियंत्रण विभाग

प्रेषक: दूध उत्पादक शेतकरी गट, ता. काटोल, जि. नागपूर
दि. 9 जून

विषय: गायींच्या गर्भाशयात सोडायच्या प्रतिजैविकाच्या संचातील सदोष कॅथेटर, खाली बसलेले औषध आणि चुकीचे माहितीपत्रक

महोदय,

तुमच्या संचात औषध भरलेली सिरिंज, लांब प्लास्टिकचे कॅथेटर आणि खांद्यापर्यंतचा हातमोजा येतो. नागपूरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या खोक्यांबाबत ही तक्रार आहे. बिल, बॅच क्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत. हातमोजे बोटांच्या शिवणीत फाटतात. त्यावर जास्त लिहीत नाही, ते बाहेरून विकत घेता येतात. बाकीचे दोष तसे नाहीत.

पहिला दोष कॅथेटरचा. पाकिटावर 'निर्जंतुक' छापले आहे, पण अनेक पाकिटांची टोकाकडची कड चिकटलेलीच नाही. चिमटीत धरून ओढले तर आत धूळ दिसते. हे कॅथेटर गर्भाशयमुखाच्या तीन-चार कड्या ओलांडून थेट पिशवीत, म्हणजे गर्भाशयात जाते. शेणाने भरलेला मागचा भाग धुऊन, कोरड्या कागदाने पुसून, योनीचे ओठ फाकवून, मूत्रमार्गाचे तोंड चुकवण्यासाठी आधी तिरके वर आणि मग सरळ, एवढी काळजी घेतो ती ई. कोलाय आणि ट्रुपेरेला पायोजेनस हे जंतू आत जाऊ नयेत म्हणून. तुमचे पाकीटच उघडे असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते आणि आपणच संसर्ग आत ढकलतो.

शिवाय कॅथेटरच्या टोकाला साच्याची धारदार कड राहिली आहे. बोट फिरवले तर नखाला अडकते. गर्भाशयमुखाच्या कड्यांत अशी कड घासली की अस्तर खरचटते, रक्त येते आणि त्या जागी जंतूंना आयती जागा मिळते. गाय पाठ वाकवून कुंथते, पकडलेले गर्भाशयमुख हातातून निसटते, मग घाईत आणखी जोर लावला जातो.

दुसरा दोष औषधाचा. लेबलवर 25 अंशांखाली ठेवा असे आहे. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात मे महिन्यात पत्र्याखाली काय तापमान असते, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. तुमचे औषध तेलकट सस्पेंशन आहे. उष्णतेने तेल पातळ होते, औषधाचे कण खाली बसतात आणि सिरिंजा तोंड खाली करून खोक्यात भरलेल्या असल्याने तो थर नेमका तोंडाशी घट्ट होतो. तुमच्या मदत क्रमांकावरून सांगितले गेले, 'चांगले हलवून वापरा.' सिरिंज कोमट पाण्यात ठेवून बराच वेळ हलवली तरी गोळा फुटत नाही. दांडा दाबला की आधी काहीच येत नाही, मग गोळा कॅथेटरमध्ये अडकतो, आणखी दाबले की कॅथेटर सिरिंजच्या तोंडावरून सुटते आणि अर्धे औषध हातमोज्यावर सांडते. आत किती गेले याचा हिशोब उरत नाही. अपुरा डोस म्हणजे पू बंद झाल्यासारखा दिसतो आणि पुढच्या माजाला सोट (माजातला चिकट स्राव) पुन्हा ढगाळ येतो. एक माज हुकला की 21 दिवस गेले, आणि तेवढे दिवस गाय ढेप-कुटार खात उभी राहते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे: माहितीपत्रक. त्यात 'व्यायल्यानंतर कोणताही स्राव दिसल्यास' औषध सोडा असे आहे. व्यायल्यावर सुमारे दोन आठवडे लालसर-तपकिरी, वास नसलेला स्राव येतो तो नैसर्गिक आहे. पहिल्या दहा दिवसांत पाण्यासारखा, दुर्गंधीयुक्त स्राव आणि 39.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर तो तीव्र गर्भाशयदाह. त्या वेळी पिशवी मोठी, भिंत मऊ आणि आत भरपूर द्रव असतो. तिथे सोडलेले औषध त्यात विरून जाते आणि कॅथेटरने भिंतीला भोक पडण्याची भीती असते. त्या गायीला पशुवैद्यकाकडून इंजेक्शनने प्रतिजैविक लागते. तुमच्यासारख्या औषधाची खरी जागा व्यायल्यावर 21 दिवसांनंतर पू दिसतो तिथे आहे. पिशवीत पू साठून गर्भाशयमुख बंद असेल तर आधी प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक देऊन पीतपिंड (माज रोखून धरणारी अंडाशयावरची गाठ) मोडावा लागतो. याचा तुमच्या पत्रकात एक शब्दही नाही.

गाय गाभण नाही याची आधी खात्री करा, हेही लिहिलेले नाही. गाभण गायीही कधीकधी माज दाखवतात. अशा पिशवीत औषध सोडले तर गर्भपात होतो.

पत्रकातले जार (व्यायल्यावर पडणारी वार) अडकल्याचे चित्र तर कहर आहे. त्यात माणूस उघड्या हाताने जार ओढतोय! जार ओढून काढली तर गर्भाशयाच्या आतल्या गाठींना इजा होते आणि तुकडे आत सडतात. सहाव्या महिन्यानंतर गर्भ टाकलेल्या गायीची जार अडकली असेल तर गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूचा संशय आधी घ्यायचा, आणि तो आजार माणसालाही होतो. ते चित्र ताबडतोब काढा.

तुमचे विक्री प्रतिनिधी दुकानदारांना सांगतात की उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) प्रत्येक गायीला माजाच्या दिवशी एक सिरिंज द्या. माजातला सोट आणि 10 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड सारख्या प्रमाणात, एक-एक मिली, परीक्षानळीत उकळून संसर्ग दाखवणारा पिवळा रंग येतो का, एवढी तपासणी तरी सुचवा. गाय रेतनाची वेळ चुकल्यानेही उलटते. तिथे प्रतिजैविकाचे काय काम?

दूध किती दिवस विकायचे नाही, ती जागा लेबलवर कोरी आहे. औषधे नियम 1945 मधील नियम 97 ला 2012 मध्ये जोडलेल्या तरतुदीनुसार हा कालावधी लिहिणे बंधनकारक आहे, आणि तो पडताळलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरावा लागतो. संकलन केंद्रात दुधात औषधाचा अंश सापडला तर दूध परत येते, आणि ते दुसऱ्यांच्या दुधात मिसळले असेल तर सगळ्यांचेच जाते.

आमच्या मागण्या अशा: ही बॅच नागपूर जिल्ह्यातल्या दुकानांतून परत घ्यावी आणि पैसे परत द्यावेत. कॅथेटर स्वतंत्र, पूर्ण चिकटवलेल्या पाकिटात द्यावे व टोक गुळगुळीत करावे. सिरिंजा आडव्या भराव्यात आणि उन्हाळ्यात तापमान नोंदणाऱ्या पट्टीसह पाठवाव्यात. दुधाचा कालावधी लेखी कळवावा, पत्रक पशुवैद्यकाकडून तपासून नव्याने छापावे.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करू. त्याच बॅचच्या न उघडलेल्या काही सिरिंजा आणि पाकिटे आम्ही वेगळी ठेवली आहेत. तुमचा प्रतिनिधी आला तर पंचनामा करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी नमुने देऊ.

कळावे,
गटाचे सभासद व सल्लागार पशुवैद्यक

सोबत: बिलाची प्रत, बॅच क्रमांकाचे व पाकिटांचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत