टीव्ही लावण्याआधी

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शाळेला गावाने वर्गणी काढून मोठा टीव्ही घेऊन दिला, हे वाचून फार आनंद झाला. ‘आता पोरांना काय काय दाखवू?’ असं विचारलंयस. मला वाटतं, दाखवायची घाई करू नकोस. आधी प्रश्न विचार, मग हाताने करू दे आणि मगच टीव्ही लाव.

आठवीचा धाराविद्युतचा धडाच घे. मी सेल, वायर आणि टॉर्चचे दोन बल्ब माझ्या पोरांपुढे ठेवले आणि विचारलं, एकापुढे एक जोडले तर कुठला जास्त उजळेल? निम्मा वर्ग ठामपणे म्हणाला, “पहिला. तो वीज खाऊन टाकतो, दुसऱ्याला उरलेली मिळते.” हा समज नुसतं सांगून जात नाही. मग बल्ब जोडायला लावले. (बल्ब एकाच प्रकारचे घे, नाहीतर एक मंद, एक प्रखर लागतो आणि सगळा घोळ होतो.) दोन्ही सारखेच मिणमिणले. पोरं बुचकळ्यात पडली, तेव्हा मी ‘फेट’ उघडलं, म्हणजे पडद्यावर प्रयोग करून बघायच्या सिम्युलेशन्सचं संकेतस्थळ.

भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. पडद्यावर तोच परिपथ जोडला की तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. एका मुलीने पहिल्या बल्बच्या आधी धारा मोजणारा अमीटर लावला, मग दोन बल्बच्या मधे, मग दुसऱ्याच्या पुढे. तिन्हीकडे आकडा तोच! “सर, धारा कमी होतच नाही. मग सेल का उतरतो?” तिच्या या प्रश्नावर पुढचा अख्खा तास ऊर्जेवर गेला, आणि तो माझ्या आवडत्या तासांपैकी एक आहे. तारेची दोन टोकं थेट सेलला जोडली तर काय होतं, हे वर्गात करून दाखवायला जीव धजत नाही. पडद्यावर ज्वाळा दिसतात आणि पोरांना फ्यूज कशाला हवा ते पटतं.

नेटची काळजी करू नकोस. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज नावालाच असते. घरी सिम्युलेशनची फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेतो, ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप तुला ठाऊक आहेच. त्यातले व्हिडिओ उजळणीला चांगले, पण सलग लावून दिले की वर्ग नुसता बघत बसतो. दोन मिनिटांनी थांबवून ‘पुढे काय होईल?’ विचारलंस तरच उपयोग. आणि मोबाइलवरचा गृहपाठ मात्र देऊ नकोस, हे अगदी कळकळीने सांगतो. बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तो बापाच्या खिशात आणि बाप कामावर. ज्याच्याकडे फोन नाही ते पोर दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसतं. जे दाखवायचं ते शाळेतच, सगळ्यांना.

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी बनवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती सगळी फोटो-व्हिडिओंसह आहेत, शिवाय ढीगभर पुस्तकं, मराठीसुद्धा. तिथली सेलवर फिरणारी मोटार नक्की कर. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते, चुंबक जुन्या स्पीकरमधला, आधाराला दोन सेफ्टी पिना. तारेच्या गुंडाळीच्या एका टोकाचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त एका बाजूने. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली की गुंडाळी जागीच थरथरते. पोरांना ते आधी सांगू नकोस. का फिरत नाही ते शोधायला ती पुन्हा व्हिडिओ लावतात, अडवतात, मागे नेतात, आणि पडद्यासमोर पोरं सर्वांत जास्त शिकताना मी तेव्हाच पाहिलीत.

स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. नोंदी पोरांना जड जातात, पण आपल्याला भरपूर सापडतं.

तुझ्या आठवीला सध्या कुठला धडा चालू आहे ते कळव. त्याला लागणारी सिम्युलेशन्स भरून पेनड्राइव्ह पोस्टाने धाडतो. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
बाळ्या