पंधरा छोट्या वाफ-इंजिनांसाठी: बडोद्यातल्या हौशी लेथवाल्यांचं आवाहन

बडोदेकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आम्ही बारा जण मिळून एक काम हाती घेत आहोत आणि त्यासाठी आपली मदत मागायला आलो आहोत. पैसे हवेतच, ते आडवळणानं कशाला सांगायचं? पण पैशांपेक्षाही आमचं अडलंय ते मोजमापाच्या साधनांवाचून आणि मोजायला बसणाऱ्या माणसांवाचून.

आमच्यातले निम्मे मकरपुरा जीआयडीसीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले टर्नर आणि फिटर. बाकीच्यांत एक दंतवैद्य, दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई (मिलिंगला त्यांच्याइतका स्वच्छ हात आमच्यात कुणाचाच नाही) आणि काही नुसतेच नाद लागलेले. प्रत्येकाच्या घरी गॅरेजात, जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत एखादं लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र) आहे. आजवर ज्यानं त्यानं आपापलं काही करून पाहिलं. आता एकत्र करायचं ठरलं आहे.

करायचं आहे आडव्या बैठकीचं छोटं वाफ-इंजिन. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) ३०, फ्लायव्हील (जड चाक) १०० मिलिमीटरचं. जुन्या कापड गिरण्यांत पट्टे फिरवणारी जी धूडं असत, त्यांचीच ही टेबलावर मावणारी भावंडं. अशी पंधरा इंजिनं करायची. बारा सभासदांची बारा, आणि तीन आपल्या गावासाठी: एक मराठी माध्यमाच्या शाळेला, एक आयटीआयच्या मुलांना उघडून-जोडून शिकायला, आणि एक गणेशोत्सवात वगैरे लोकांसमोर चालवून दाखवायला. बॉयलर आम्ही करणार नाही. वाफेचा दाब हा हौसेनं खेळायचा विषय नाही. इंजिन चालेल कॉम्प्रेसरच्या हवेवर, जेमतेम दोन बार दाबाला.

पद्धत अशी. कुणी अख्खं इंजिन करायचं नाही. प्रत्येकानं एकच भाग घ्यायचा आणि त्याचे सतरा नग करायचे, म्हणजे दोन राखीव राहतात. एकाकडे क्रँक (पिस्टनच्या मागेपुढे धावेचं फिरणं करणारा भाग), एकाकडे पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड, एकाकडे हवा आत-बाहेर सोडणारा स्लाइड व्हॉल्व्ह आणि त्याची पेटी, एकाकडे तो व्हॉल्व्ह हलवणारं एक्सेंट्रिक. शेवटी प्रत्येकाला बारा घरांतून आलेले भाग मिळतील आणि ते जोडून त्यानं आपलं इंजिन उभं करायचं. एकाच भागाचे सतरा नग काढायचे म्हटलं की जिग (प्रत्येक नग एकसारखा धरून ठेवणारा साचा) बनवायचे कष्टही वसूल होतात आणि चौथ्या-पाचव्या नगाला हात बसतो.

आता गोम कुठे आहे, ते सांगतो. या इंजिनात पिस्टन बाहेरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या आणि झाकणाच्या मध्ये पाऊण मिलिमीटर मोकळी जागा ठेवली आहे. समजा क्रँक करणाऱ्याचा क्रँकपिन मध्यापासून १५ मिलिमीटरऐवजी (स्ट्रोकच्या निम्म्याऐवजी) १५.२ वर बसला. कनेक्टिंग रॉडवाल्याचा रॉड ०.३ नं लांब झाला. पिस्टन रॉडवाल्याचाही तेवढाच. तिघांनाही आपापल्या बाकावर वाटणार, एवढ्याशानं काय होतंय? तिघांचं मिळून होतं ०.८, आणि पहिल्याच फेऱ्याला पिस्टन झाकणावर आपटतो. मग तिघेही शपथेवर सांगणार की माझा भाग बरोबर आहे. एकट्यानं इंजिन करणारा एक भाग दुसऱ्यात बसेपर्यंत घासत राहतो आणि त्याचं निभतं. बारा घरांत निभत नाही. तिथे प्रत्येक माप आधी कागदावर ठरावं लागतं, आणि कुठपर्यंत चुकलं तर चालेल तेही.

आपल्या गावाला हे नवीन नाही. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची अरुंद रेल्वे १८६२ मध्ये सुरू झाली ती बैलांनी ओढून. १८६३ मध्ये नीलसन कंपनीची इंजिनं आली, पण रूळच हलके. १८७३ मध्ये भारी रूळ टाकले, आणि इंजिनं नेमानं धावायला १८८० उजाडलं. इंजिनही काम देणारं, रूळही काम देणारे. एकमेकांसाठी मात्र नव्हते. आम्हाला बैल जुंपायची पाळी येऊ द्यायची नाही.

म्हणून देणगीतला मोठा वाटा मोजमापावर जाणार आहे. ८७ तुकड्यांचा एक स्लिप गेज संच (नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे), एक ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (अगदी सपाट फरशी), दोन-तीन डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्यानं दाखवणारे), आणि ठरावीक भोकांसाठी ‘गो’ आणि ‘नो-गो’ प्लग गेज (भोकात घालून बघायचे दांडे). उदाहरणार्थ, क्रँकशाफ्टचं बेअरिंग ८ मिलिमीटरचं आहे. भोक ८.००० ते ८.०१५ च्या मध्ये हवं, आणि शाफ्ट ७.९८६ ते ७.९९५ च्या मध्ये. ‘गो’ टोक सहज आत गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. यात वाद घालायला जागा उरत नाही, आणि जुन्या मित्रांच्या गटात ही फार मोठी सोय आहे. ही साधनं एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचाही खर्च आहे.

उन्हाळ्याचंही बघावं लागतं. मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर. १०० मिलिमीटरचा पोलादी दांडा एवढ्या फरकानं सुमारे २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबतो, पितळेचा ४० च्या वर. मोजायचा मायक्रोमीटरही पोलादाचाच, तेव्हा दोन्ही एकाच खोलीत निवले असले तर पोलादाच्या भागापुरती चूक बरीचशी फिटते. पण लेथवरून उतरवलेला गरम पितळी नग लगेच मोजला, तर आकडा खोटाच येणार. म्हणून तपासणी सकाळी, आणि नग आदल्या रात्री खोलीत आणून ठेवायचे. ज्यांच्याकडे सावलीतली, तळमजल्यावरची, वातानुकूलित असली तर उत्तमच, अशी एक खोली रविवारी सकाळपुरती रिकामी असेल, त्यांनी जरूर कळवावं.

हिशेब सरळ आहे. एकूण अंदाज ७५,००० रुपये. पॅटर्न (ओतकामासाठी वाळूत ठसा उमटवायचे लाकडी नमुने) आणि ओतकामाला २५,०००, सळया, पट्ट्या आणि नट-बोल्टांना १५,०००, मोजमापाला ३५,०००. बारा सभासद प्रत्येकी २,५०० घालत आहेत, त्याचे ३०,००० झाले. उरलेल्या ४५,००० साठी हे आवाहन. दिलेल्या रकमेची साधी पावती मिळेल. आयकरात सूट मिळणारी पावती देता येईल अशी आमची नोंदणी नाही. खर्चाची वही बैठकीत टेबलावर उघडी असते. काम संपल्यावर मोजमापाची साधनं कुणाच्या घरी जाणार नाहीत, शाळेच्या प्रयोगशाळेत राहतील.

वस्तूरूपानं द्यायचं असेल तर इ.एन. ८ पोलादाची सळी, गनमेटल, फॉस्फर ब्राँझ, भोक नेमक्या मापाला आणणारे चांगल्या धारेचे रीमर आणि एम३, एम४, एम५ (३, ४, ५ मिलिमीटरच्या) आटे पाडायचे टॅप-डाय हवे आहेत. इंची आट्यांचं सामान मात्र कृपया देऊ नका. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट आणि एम६ डब्यात शेजारी पडले की डोळ्यांना फसवतात. एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०, आणि जोर लावून फिरवला की दोन्ही वाया. माळ्यावर वडिलांची किंवा आजोबांची हत्यारपेटी असेल, तर ती न झाडता-पुसता तशीच दाखवायला आणा. आम्ही तेल लावून बघू. कामाचं तेवढं ठेवू आणि बाकीचं परत करू. घराघरातलं भंगार रिकामं करायची सोय म्हणून आमच्याकडे पाहू नये, एवढीच विनंती.

माणसांत सगळ्यात निकड आहे ती एका जाणत्या पॅटर्नवाल्याची. बिडाचं ओतीव निवताना शेकडा साधारण एक आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा घ्यावा लागतो, शिवाय मशीनिंगसाठी वेगळी चामडी, म्हणजे कापून काढायचा जादा थर, ठेवावी लागते. हे हिशेब कागदावर आम्हालाही येतात. बेडच्या (इंजिनाच्या बैठकीच्या) कोपऱ्याला उतार किती दिला म्हणजे पॅटर्न वाळूतून न मोडता निघेल, हे ज्याच्या बोटांना कळतं असा माणूस आमच्यात नाही. आपल्या नात्यात, शेजारी कुणी काका असे असतील तर त्यांना आमचा निरोप द्या. त्यांनी फक्त खुर्चीवर बसून सांगावं, रंधा आम्ही मारू.

कलाभवनासारखी तंत्रशिक्षणाची संस्था ज्या गावात १८९० मध्ये निघाली, त्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना वेगळं काय सांगायचं? ड्रॉइंग तपासायला या. नववी-दहावीच्या मुलामुलींनाही तपासणीच्या टेबलावर घेणार आहोत. त्यांना लेथवर उभं करणार नाही. गेज घालून बघणं, मापं वहीत उतरवणं आणि नगांवर नंबर टाकणं हे त्यांचं काम. लेथच्या चालत्या चकाजवळ (नग धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ) हातमोजे, ओढणी, लोंबती बाही कुणाचीच चालणार नाही, मग तो चाळीस वर्षं मशीनवर काढलेला का असेना.

ड्रॉइंग या महिन्यात नक्की होतील. त्यानंतर कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, माप आपल्या मनानं बदलायचं नाही. ओतीव आलं की ते थोडं मुरू द्यायचं, मग सिलिंडर आणि बेड. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होईल आणि त्याच दिवशी पहिलं इंजिन जोडायला घेऊ. जोडणी सगळ्यांसमोर होणार आहे, देणगी दिलेली असो वा नसो.

बैठक दर रविवारी सकाळी दहाला रावपुऱ्यात, आमच्या नेहमीच्या खोलीत असते. सभासदांपैकी कुणी ना कुणी आपल्या ओळखीचं निघेलच. त्याच्याकडे रक्कम द्या, नाव सांगा किंवा त्याच्याबरोबर थेट या. येताना घरी मायक्रोमीटर असेल तर तोही आणा. स्लिप गेज संच आला की त्यावर तो लावून बघू आणि किती फरक दाखवतो, ते चिठ्ठीवर लिहून देऊ.